रिपोर्टात काही निघालं नाही तरी

तुझा रिपोर्ट बघितला गं. सीआरपी ६.८, शेजारी जाड ठशात ‘हाय’. आणि खाली तुझा मेसेज: ‘अक्का, मोबाइलवर वाचलं, रक्तात सूज असली की डिप्रेशन येतं म्हणे. म्हणजे माझं डोकं ठीक आहे ना? रक्ताचं औषध घेतलं की झालं ना? मग त्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. गोळी आज रात्रीही घ्यायची. आता बाकीचं सावकाश वाच. फोनवर तुझ्या मागे मशीनचा खडखडाट असतो, पोरं मध्ये मध्ये येतात, म्हणून लिहूनच काढतेय.

तुला ठाऊकच आहे, माझी अर्धी हयात लॅबमध्ये गेली. दंडाला रबरी पट्टी बांधायची, मूठ आवळायला सांगायची, शीर चाचपायची. तेवढ्या वेळात बायका जे बोलून जातात ना, ते डॉक्टरांसमोर बोलत नाहीत. आणि मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य ‘दुखेल का हो’ हे नाही. ‘मॅडम, यात काहीतरी निघू दे,’ हे आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, बाई खुळी आहे, अंगात रोग निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलीय. पण तिच्या जागी तिचं बरोबर असतं. सहा-सहा महिने सकाळी अंथरुणातून उठवत नाही, भाकरी थापता थापता डोळे भरून येतात, पोराच्या शाळेत जायचं म्हटलं तरी छातीत धडधडतं. आणि घरात सगळ्यांचं एकच, ‘तुला झालंय काय? खायला-प्यायला आहे, नवरा मारत नाही.’ त्यात रिपोर्ट नॉर्मल आला की सासूच्या हातात कोलीत. ‘बघा, काही नाही. कामाचा कंटाळा, दुसरं काय!’ नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन उतरलेल्या तोंडानं पायऱ्या उतरणाऱ्या बायका मी किती बघितल्यात म्हणून सांगू.

त्यामुळे तो ‘हाय’ बघून तुला आत कुठंतरी बरं वाटलं असणार, हे मला कळतं. आता दाखवायला कागद मिळाला. पण त्या आकड्यावर किती भार टाकायचा ते आधी समजून घे.

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलं. आपलं यकृत ते बनवतं. अंगात कुठंही जंतूंशी झटापट सुरू झाली, दाढ किडली, लघवीला जळजळ झाली, गुडघा सुजला, की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन सोडतात. ते यकृताला पोचलं की यकृत सीआरपी रक्तात ओतायला लागतं. भानगड कुठं चाललीय हे तो आकडा सांगत नाही. कुठंतरी चाललीय एवढंच सांगतो. १ च्या खाली उत्तम, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त, ही जी विभागणी डॉक्टर वापरतात ती अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००३ साली हृदयविकाराचा धोका जोखायला केली. मनाच्या आजारासाठी नव्हे. आकडा १० च्या वर गेला तर आधी ताजा संसर्ग शोधायचा. तुझा ६.८ आहे, आणि तूच लिहिलंयस की त्या आठवड्यात सर्दी-खोकला होता. मग तो आकडा खोकल्याचा की मनाचा, हे कुणीही सांगू शकणार नाही. खोकला पूर्ण बरा झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ देत, मग हवं तर डॉक्टरांना विचारून एकदा परत तपास. दर महिन्याला तपासत बसू नकोस, पैसे काय झाडाला लागलेत?

आणि लॅबवाली म्हणून एक बारकावा सांगते. आकड्यापुढचं एकक बघत जा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. एकीकडचा ०.६८ आणि दुसरीकडचा ६.८ एकच. ‘मॅडम, सहा महिन्यांत दहापट झालं की हो!’ म्हणून धावत आलेल्यांना मी दोन्ही कागद शेजारी ठेवून शांत केलंय.

आमच्या सुरुवातीच्या काळात सीआरपी एवढं सर्रास नव्हतं. तेव्हा ईएसआर. वेस्टरग्रेनची लांब, बारीक काचेची नळी, तिच्यावर २०० मिलिमीटरपर्यंत खुणा. सायट्रेट मिसळलेलं रक्त त्या नळीत ओढायचं, स्टँडमध्ये ती सरळ उभी करायची आणि तासभर हात लावायचा नाही. पंख्याचा वारा लागू द्यायचा नाही, टेबल हलू द्यायचं नाही. हळूहळू वर पिवळसर पाणी मोकळं होतं आणि लाल पेशी खाली बसत जातात. अंगात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, मग लाल पेशी भाकरीच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात, जड होतात आणि भराभर तळाला जातात. तासानं वरचा पिवळा भाग किती उतरला ते मोजायचं. बाईमाणसात साधारण वीसपर्यंत ठीक. पण नुसतं रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो, पोटुशी असली तरी वाढतो. त्या नळीकडे बघून कुणाचं मन कसं आहे हे मला कधीच कळलं नाही. नळी उभी करून बाकावर बसलेल्या बाईला ‘झोप लागते का गं?’ एवढं विचारलं, की मात्र तासाभरात सगळं कळायचं.

मध्येच एक सांगते. आपल्या सोलापुरात कुणाला काहीही झालं की ‘अंगात उष्णता झाली’ म्हणतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकल्यावर दुसरं काय म्हणणार म्हणा! पण मी म्हणते तो दाह सब्जा-गुलकंदानं उतरणारा नाही. सब्जा प्यायचा तर खुशाल पी, जिवाला गार वाटतं.

आता मोबाइलवर जे वाचलंस त्यातलं खरं किती, ते बघू. खरं बरंच आहे.

तुला मागे डेंगी झाला तेव्हाचं आठव. जेवणावर वासना नाही, दिवा नको, कुणाचं बोलणं नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. तेव्हा तुला कुणी आळशी म्हटलं नाही, कारण थर्मामीटर होतं. तुझ्याच पांढऱ्या पेशींनी सोडलेली रसायनं मेंदूला बजावत होती की बाई, पडून राहा, ताकद खर्चू नकोस. जनावरंही तेच करतात. आजारी म्हैस दावणीला मान टाकून बसते, वैरणीला तोंड लावत नाही. बेंजामिन हार्ट नावाच्या अमेरिकी पशुवैद्यकानं १९८८ साली हे नीट मांडलं. ही मरगळ म्हणजे दुबळेपणा नव्हे, बरं होण्यासाठी शरीरानं केलेली तजवीज आहे. ताप उतरला की ती आपोआप आटोपते. गोची होते ती आटोपली नाही तर. दाह धुमसत राहिला आणि मेंदूला तोच निरोप महिनोन्महिने मिळत राहिला, तर?

तर काय होतं हे इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी दाखवलं. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर पूर्वी ती सहा-सहा महिने, वर्षवर्ष देत. इंटरफेरॉन हे आपल्याच प्रतिकारशक्तीचं रसायन. ते टोचायला लागलं की चांगल्या हसत्याखेळत्या माणसांतल्या तीन-चार जणांमागे एकाला काही आठवड्यांत खरंखुरं नैराश्य यायचं. घरात मयत नाही, नोकरी गेलेली नाही, सासुरवास नाही. फक्त इंजेक्शन. २००१ साली अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या ४० जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना इंजेक्शन सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. बिनऔषधवाल्यांतले ४५ टक्के नैराश्यात गेले, औषधवाल्यांतले ११ टक्के. आता सांग, एका इंजेक्शननं जे येतं आणि एका गोळीनं जे अडतं, त्याला ‘चाळे’ म्हणायचं? तुझ्या सासूबाईंना मी हे स्वतः सांगेन, तू त्या वादात पडू नकोस.

ही रसायनं मेंदूपर्यंत जातात कशी, तर काही रक्तातून, काहींचा निरोप पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत. आपल्या जेवणातल्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. दाह असला की ते ट्रिप्टोफॅन भलत्याच वाटेला लागतं आणि त्यातून चेतापेशींना त्रास देणारे पदार्थ तयार होतात. एवढं पुरे. यापुढचं शास्त्रज्ञांनाही अजून एकमेकांत भांडायला उरलंय.

पण याच्या पुढचं मोबाइलवाल्यांनी तुला सांगितलं नाही. नैराश्य असलेल्या हजारो लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१९ साली पाहिलं, तर ३ च्या वर सीआरपी असलेले निघाले २७ टक्के. म्हणजे चारांतली एक. उरलेल्या तिघी? त्यांचीही तुझ्यासारखीच झोप उडालेली, तुझ्यासारखंच ‘मी कुणाच्या उपयोगाची नाही’ मनात घोळत असलेलं, आणि सीआरपी ३ च्या आत. त्या काय नाटक करतात? आणि उलटंही आहे. आकडा ८ असून हसत कीर्तनाला जाणाऱ्या बायका मी बघितल्यात, फक्त गुडघे दुखतात म्हणून आलेल्या.

म्हणून म्हणते, रक्ताच्या कागदावर मनाच्या आजाराचा निकाल लागत नाही. तो लागतो बोलून. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास, ज्यात रस होता त्यातला रस गेलेला, झोप-भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, लक्ष लागत नाही, सारखं स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. हे डॉक्टर विचारतात, तू उत्तर देतेस, तीच तपासणी. तिला सुई लागत नाही म्हणून ती कच्ची ठरत नाही.

मग दाह उतरवायचं औषध दिलं तर मन बरं होतं का? हे लोकांनी करून पाहिलंय. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात रेझन, मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब दिलं. सांधेवातात वापरतात ते, दाह दाबणारं जबर औषध. २०१३ साली निकाल छापून आला. सगळे मिळून बघितले तर औषध आणि बिनऔषध सारखंच. पण ज्यांचा सीआरपी मुळातच ५ च्या वर होता त्यांना फायद्याची चिन्हं दिसली, आणि ज्यांचा कमी होता ते बिनऔषधवाल्यांपेक्षाही मागे पडले. म्हणजे औषध सरसकट वाटायचं नाही, हे तिथं शिकायला मिळालं. आणि हे औषध घेतल्यावर दबलेला टीबी उसळू शकतो. टीबीच्या देशात ते मनासाठी म्हणून कुणी सहज लिहून देणार नाही, देऊही नये. साध्या अ‍ॅस्पिरिननं तरी जमेल म्हणून ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांवर म्हाताऱ्या माणसांना रोज कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन देऊन वर्षानुवर्षं पाहिलं. नैराश्य काही टळलं नाही.

हळदीच्या कॅप्सूलचं विचारलंयस. भाजीत हळद घाल, रात्री दुधात घाल, आपण घालतोच. पण कॅप्सूलमधलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही, त्यावरचे प्रयोग छोटे छोटे आहेत, आणि ते उतरावं म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या जबर कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचंही नोंदलं गेलंय. तुझ्या जावेची मैत्रीण विकते म्हणून घ्यायचं बंधन नाही. घेतल्याच असतील तर ठेवून दे, आणि डॉक्टरांना सांग.

‘आधी दाह की आधी उदासी?’ असंही विचारलंस. प्रश्न हुशारीचा आहे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांवर लहानपणापासून लक्ष ठेवलंय. नऊ वर्षांच्या वयात ज्यांचं इंटरल्युकिन-६ जास्त होतं, त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य येण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे काहींत दाह आधी. पण उलटी वाटही तितकीच रुळलेली आहे. मन खचलं की बाई चालणं सोडते, रात्र रात्र जागते, चहा-बिस्किटांवर दिवस काढते, मिसरी वाढवते. यातल्या प्रत्येकानं दाह वाढतो. मग दाहानं मन आणखी खचतं. आधी कोण, याचा निवाडा करत बसण्यात तुझं काही भलं नाही. जिथून हाताला लागेल तिथून सोडवायला घ्यायचं.

आपल्याकडे या दाहाचा विचार व्हायला कारण आहे, आणि तो विचार पुण्यात झालाय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी मिळून १९९९ साली दाखवलं की शहरात राहणाऱ्या भारतीयांच्या रक्तात इंटरल्युकिन-६सारखी दाहाची रसायनं खेड्यातल्यांपेक्षा बरीच जास्त असतात. त्यांना मधुमेह आणि हृदयविकार शोधायचा होता, नैराश्य नव्हे. पण रसायनं तीच. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या दोघांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एक, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. बघायला दोघेही सडपातळ! ही पोटातली लपलेली चरबी गप्प बसत नाही, ती स्वतःच दाहाची रसायनं सोडते. म्हणून ‘मी तर बारीक आहे’ म्हणून निर्धास्त राहू नकोस. कंबर मोज. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर साखर तपासायची.

त्याच पुण्यातल्या मंडळींनी खेडं, झोपडपट्टी आणि मध्यमवर्ग अशा तिन्हीकडच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तर ६७ टक्क्यांत बी-१२ कमी. बी-१२ कमी असलं की मुंग्या येतात, जीभ लाल होते, विसरायला होतं आणि मनही उदास होतं. बायकांत त्याच्या जोडीला रक्त कमी आणि थायरॉइड. आता कळलं, सीआरपीवर पैसे घालवण्याआधी मी काय तपासायला सांगणार आहे ते? हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. यांच्यात काही निघालं तर त्यावर नेमका उपाय असतो. आणि काही नाही निघालं, तर ते तुझ्या विरुद्ध वापरायचा पुरावा नव्हे. घरच्यांना तसं आधीच बजावून ठेव.

आता आपल्या गावाचं. पूर्व भागात तू राहतेस, आजूबाजूला बघ. ओट्यावर मांडी घालून बसलेल्या विडीवाल्या बायका, मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा घालायचा, वळायचं, दोरा मारायचा. मजुरी हजार विड्यांवर. मान सकाळपासून खाली ती खालीच, आणि नाकातोंडात ती भुकटी. कुंभारीला त्यांच्यासाठी घरकुलं झाली, डोक्यावर छप्पर आलं, ते फार मोठं काम झालं. पण मांडीवरचं सूप तसंच राहिलं. तू टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला, तुझी कंबर आणि त्यांची मान, दुखणं एकाच जातीचं. रोज दुखणाऱ्या अंगात मन टवटवीत राहत नाही, याला कुठल्या संशोधनाची गरज नाही. सांधेवाताच्या रुग्णांत मात्र ते मोजलंय. साधारण सहांतल्या एकाला मोठं नैराश्य असतं. आणि २००६ साली महाराष्ट्रात चिकनगुनियाची साथ पसरली, आठवते का? ताप चार दिवसांत गेला आणि सांधे कित्येकींचे महिनोन्महिने धरून राहिले. तांब्या उचलता येत नव्हता, वेणी घालता येत नव्हती. ‘आता मी अशीच राहणार’ म्हणून तेव्हा रडणाऱ्या बायकांना आम्ही दुखण्याच्या गोळ्या दिल्या. मनाचं कुणी विचारलं नाही.

मिसरीचं तर तू बोलूच नकोस, मी बोलते. ‘दात शिवशिवतात म्हणून लावते’ हे तू मला कधीपासून सांगतेयस. हिरड्या सुजलेल्या असतात म्हणून शिवशिवतात, आणि मिसरीनं दुखणं बधिर होतं, हिरडी आणखी खराब होते. हिरड्यांचा जुना आजार असला की सीआरपी वाढलेला राहतो आणि दंतवैद्याकडे नीट सफाई केली की तो थोडा उतरतो, हे पक्कं आहे. त्यानं उदासी जाईल असं मी म्हणत नाही, तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण तुझ्या त्या ६.८ मधले दोन-तीन तरी तोंडातूनच आलेले असतील, असा मला संशय आहे. मिसरी एकदम सुटली नाही तरी आधी सकाळची सोड, मग दुपारची.

खाण्याचं ऐकलं की तुला वाटेल आता अक्का बदाम-अक्रोड सांगणार. नाही. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी २०१७ मध्ये ६७ जणांवर एक प्रयोग छापला. सगळे नैराश्याचे रुग्ण, बहुतेकांचे गोळी-समुपदेशनाचे उपचार आधीपासून चालू. निम्म्यांना आहारतज्ज्ञानं डाळी, भाज्या, धान्यं, मासे यांकडे वळवलं, निम्म्यांशी नुसत्या गप्पा. बारा आठवड्यांनी पहिल्यांतले ३२ टक्के नैराश्यातून बाहेर, दुसऱ्यांतले ८. प्रयोग लहान आहे आणि कोण काय खातंय हे खाणाऱ्याला कळतंच, म्हणून मी त्याचा डांगोरा पिटणार नाही. पण मला गंमत वाटते ती ही, की त्यांना जे शिकवावं लागलं ते आपल्या ताटात आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथी, चुका, शेंगांची चटणी, जवसाची चटणी. जवसात ओमेगा-३ असतं, भले ते माशातल्यासारखं थेट कामी येत नसेल. तुझ्याकडे काय चाललंय? सकाळी खारी-चहा, दुपारी उरलेला भात, संध्याकाळी पोरांबरोबर कुरकुरीत पाकीट. भाकरी तू सगळ्यांसाठी थापतेस आणि स्वतः शेवटी उभ्या उभ्या चहात पाव बुडवतेस. पहिली गरम भाकरी तुझी. हे औषधाचं समज आणि सासूबाईंसमोर खा.

चालायचं. व्यायामानं दाह उतरतो आणि मनही उचलतं, या दोन्हींचा पुरावा हळदीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला जा, नाहीतर कंबर तलावाकडे. उन्हाळ्यात सातच्या आत. एकटीनं होणार नाही, उदास माणसाला चपला घालणंच सगळ्यात जड जातं, हे मला माहीत आहे. म्हणून शेजारणीला सांग की मला हाक मार आणि मी नाही म्हटलं तरी ओढून ने. पंधरा मिनिटंही चालतील.

झोपेचं काय करायचं ते तुझ्या घरात अवघड आहे, मागच्या गल्लीत रात्रभर लूम चालतात. नवऱ्याला सांगून पलंग आतल्या खोलीत हलव. फोन दहाला बंद. हे न जमल्यास डॉक्टरांना झोपेचं स्पष्ट सांग, मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणायची नाही.

आता तुझ्या चालू गोळीबद्दल. ती झोपेची नाही, सवय लावून गुलाम करणारी नाही. तिचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होते, ती बहुतेकींची जाते. तू तिसऱ्याच आठवड्यात आहेस, म्हणजे ऐन मधल्या वाटेवर सोडायचं म्हणतेयस. मध्येच तोडली तर चक्कर, चिडचिड, झटके आल्यासारखं होतं, आणि मग ‘बघा, गोळीनंच बिघडलं’ असं घर म्हणतं. बंद करायची वेळ आली की डॉक्टर हळूहळू उतरवून देतील.

एक विचारते, उत्तर मला लगेच दे, लाजू नकोस. मरावंसं वाटतं का? विचारल्यानं तसं मनात येत नाही, उलट आलेलं असलं तर बोलता येतं. वाटत असेल तर रात्री कितीही वाजलेले असोत, मला फोन कर. माझा लागला नाही तर १४४१६. टेलिमानस, सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. बेंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तर मनाचा आजार असलेल्यांतले ७० ते ९२ टक्के लोक, आजारागणिक कमीजास्त, उपचाराविना निघाले. आपला महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण आपली गल्ली बघून मला तो आकडा फुगवलेला वाटत नाही. तू डॉक्टरांची पायरी चढलीस, म्हणजे त्या ढिगातून बाहेर आलीस. परत आत जाऊ नकोस.

खाजगी डॉक्टरांची फी झेपत नसेल तर सिव्हिल आहे. वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं, मानसोपचार विभाग तिथं आहे, आणि तिथल्या बाकावर तुला ओळखीची एखादी बाई भेटलीच तर ती तुला बघून जितकी दचकेल तितकीच तू तिला. केसपेपर काढताना आधार कार्ड ठेव. जुने रिपोर्ट सगळे ने, हा ६.८ वालाही. चालू गोळ्यांची चिठ्ठी ने. नवऱ्याला बरोबर घे, कारण तू पहाटे किती वाजता उठून बसतेस हे तुझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे.

आणि कंबरेसाठी मेडिकलमधून ज्या दुखण्याच्या गोळ्या आणतेस ना, त्यांचं पाकीट पर्समध्ये टाकून ने आणि डॉक्टरांपुढे ठेव. नैराश्यावरच्या तुझ्या गोळीबरोबर त्या रोज घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हे तुला मेडिकलवाला सांगणार नाही आणि तू सांगितल्याशिवाय त्या गोळ्यांचं डॉक्टरांनाही कळणार नाही.